कड लागल्याचा आवाज कोणी ऐकला?

चेंडू बॅटची कड घेऊन गेला की नाही, याचा निकाल आता कानांवर सोपवला जात नाही. यष्टिरक्षक झेल घेऊन ओरडतो, गोलंदाज पंचांकडे वळून हात पसरतो, पंच मान हलवतात, क्षेत्ररक्षण करणारा कर्णधार दोन्ही हातांनी 'टी'ची खूण करून दाद मागतो आणि तीस हजार माणसे मोठ्या पडद्याकडे माना वळवतात. पडद्यावर एक आडवी रेघ असते. चेंडू बॅटजवळून जात असताना ती उसळली तर फलंदाज बाद, सपाट राहिली तर नाबाद. काही वर्षांपूर्वी एका स्टेडियममध्ये माझ्या मावसभावाच्या शेजारी बसून मी अशीच रेघ पाहत होतो. तो जन्मापासून पूर्ण बहिरा आहे. मी अजून पडद्यावरच्या दोन चित्रांचा मेळ घालत होतो, तोवर त्याने माझ्या मांडीवर थाप मारून हात आडवे हलवले: नाबाद. त्या अर्ध्या मिनिटात त्या स्टेडियममध्ये कोणालाच काही ऐकू आलेले नव्हते आणि म्हणून तो कोणापेक्षाही कमी नव्हता.

त्यानंतर दहाएक मिनिटांनी प्रकाशझोताच्या एका मनोऱ्यावरचे दिवे गेले. खेळ थांबला. ध्वनिक्षेपकावरून निवेदक बराच वेळ बोलत राहिला. त्याने काहीतरी विनोदही केला असावा, कारण आमच्या पुढच्या रांगा हसल्या. पडद्यावर त्या वेळी सिमेंटची जाहिरात होती. भावाने भुवया उंचावून विचारले, काय झाले? मी खुणेने सांगितले, लाइट गेली. ते त्याला दिसतच होते. किती वेळ, असे त्याने मनगटावर बोट ठेवून विचारले, तेव्हा निवेदकाचे पुढचे वाक्य ऐकण्याच्या नादात मी त्याला हाताने थांबवले: थांब, सांगतो नंतर. कर्णबधिर माणसाच्या आयुष्यात 'नंतर सांगतो' हे वाक्य किती वेळा येते, याची कल्पना ऐकणाऱ्याला सहसा नसते. जेवणाच्या पंगतीत, लग्नघरात, दवाखान्यात, सगळीकडे ते येते आणि बहुतेक वेळा ते 'नंतर' येतच नाही. त्या रात्रीही मी नंतर काही सांगितले नाही, कारण दिवे आले आणि खेळ सुरू झाला.

या दोन प्रसंगांत पडदा तोच होता, प्रेक्षक तोच होता आणि पडद्यामागे बसलेला तंत्रज्ञही बहुधा तोच असावा. फरक एवढाच होता की पहिल्या वेळी आवाजावर सामन्याचा निकाल अवलंबून होता, म्हणून आवाजाचे चित्र काही सेकंदांत तयार झाले. दुसऱ्या वेळी आवाजावर केवळ एका बहिऱ्या प्रेक्षकाचे समजणे अवलंबून होते, म्हणून ते कोणी केले नाही. कर्णबधिर चाहत्यांसाठी तंत्रज्ञान कसे वापरावे, अशी चर्चा निघाली की जणू ते तंत्रज्ञान अजून शोधायचे आहे अशा सुरात आपण बोलतो. माझे म्हणणे असे आहे की आवश्यक ते जवळजवळ सर्व काही आधीच मैदानात येऊन बसलेले आहे आणि ते कोणासाठी लावायचे, एवढाच प्रश्न शिल्लक आहे.

क्रिकेटचेच पाहा. इंग्लंडमधील संगणकतज्ज्ञ ॲलन प्लास्केट यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास 'स्निकोमीटर' तयार केला. यष्ट्यांजवळच्या मायक्रोफोनने टिपलेला आवाज लहरींच्या आलेखात बदलून तो संथ गतीच्या चित्रणाशेजारी ठेवायचा, एवढीच त्यामागची कल्पना. १९९९ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीने तो प्रक्षेपणात आणला आणि आजचे 'अल्ट्राएज' हे त्याच घराण्यातले. बेल्स यष्टीवरून सुटताक्षणी लाल प्रकाशाने उजळण्याची युक्ती ऑस्ट्रेलियातून आली आणि २०१२-१३ च्या बिग बॅश स्पर्धेपासून ती सर्वांना परिचित झाली. यष्टी उडाल्याचा खडखडाट ज्यांना कधीच ऐकू आला नाही, त्यांना तो आता दिसतो. यांपैकी एकही वस्तू कर्णबधिरांसाठी केलेली नाही, पण दोन्ही त्यांच्या कामी आल्या आहेत.

खरे तर या खेळाची मूळ घडणच खुणांची आहे. एक बोट वर गेले की बाद, दोन्ही हात आकाशाकडे गेले की षटकार, हात आडवे पसरले की वाइड, गुडघ्यावर थाप मारली की लेगबाय. क्रिकेटच्या नियमावलीतील दुसऱ्या नियमानुसार पंचांनी केलेली प्रत्येक खूण गुणलेखकाने स्वतंत्रपणे पोचती करायची असते आणि ती पोच मिळेपर्यंत पंचांनी खेळ पुढे जाऊ द्यायचा नसतो. मोठ्या मैदानात ओरडून काही पोचत नाही, हे ज्यांनी खेळ रचला त्यांना ठाऊक होते. समोरच्याला कळले याची खात्री झाल्याशिवाय पुढे जायचे नाही, ही शिस्त या खेळाने गुणलेखकासाठी फार पूर्वीच अंगी बाणवली आहे. प्रेक्षकाच्या बाबतीत मात्र ती कोणाला आठवत नाही.

खेळ तर डोळ्यांनी पाहायचा, मग बहिऱ्या माणसाचे बिघडते कुठे, असे अनेकांना मनापासून वाटते. प्रश्न चुकीचा नाही, पण तो विचारणाऱ्याने एकदा आवाज बंद करून सलग तीन तास सामना पाहावा. चेंडू, धाव, बळी हे सगळे दिसेल. परंतु कालच्या सामन्यात अर्धशतक काढलेला फलंदाज आज संघात का नाही, कर्णधाराने अकराव्या षटकात फिरकी गोलंदाज का काढून घेतला, पावसामुळे लक्ष्य कितीवर आले आणि का, मैदानात वैद्य धावत आले ते कोणत्या दुखापतीमुळे, यांतले फारसे काही कळणार नाही. सामना हा घडामोडींचा जितका असतो तितकाच त्या घडामोडींबद्दलच्या बोलण्याचाही असतो. आता तर पंचांचे आपसातील बोलणेसुद्धा प्रेक्षकांना ऐकवले जाते. २०२३ च्या महिला फुटबॉल विश्वचषकात व्हिडिओ पाहून घेतलेला निर्णय पंचांनी स्वतः मायक्रोफोनवरून साऱ्या स्टेडियमला सांगावा, अशी पद्धत वापरली गेली. पारदर्शकतेच्या दृष्टीने ती स्वागतार्हच आहे. पण खेळ जसजसा अधिक बोलका होत चालला आहे, तसतसा तो न ऐकणाऱ्यापासून दूर चालला आहे, ही गोष्ट त्या स्वागताच्या गजरात दबून जाते.

मराठी माणसाला हे वेगळ्या बाजूने समजायला हवे. बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून क्रिकेटचे मराठीत धावते वर्णन करू लागले, तेव्हा ज्यांनी मैदान कधी पाहिलेही नव्हते अशा असंख्य घरांत सामना पोचला. ज्यांना दिसत नव्हते त्यांच्यासाठी शब्द घडवले गेले, खेळाची मराठी परिभाषा रुळली आणि असे ऐकणारे नेमके किती, याची आधी शिरगणती करून मग वर्णन सुरू करू, असे कोणी म्हटले नाही. जे कानांच्या वाटेने सहज केले गेले, तेच डोळ्यांच्या वाटेने करायची वेळ येताच आपण संख्येचा हिशेब मागतो.

तो हिशेबही लहान नाही. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची नोंद ५० लाखांहून अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा व्यापक अंदाज घेतला तर ऐकण्यात लक्षणीय अडचण असलेल्या भारतीयांची संख्या ६ कोटींच्या वर जाते. या दोन आकड्यांमधली दरी व्याख्येची आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांनी ७० डेसिबल किंवा त्याहून अधिक श्रवणऱ्हास असेल तर ती व्यक्ती बधिर, ६० ते ७० च्या दरम्यान असेल तर ऐकण्यास कष्ट पडणारी. त्याखालची मोठी प्रजा कुठल्याच नोंदीत नसते. दूरचित्रवाणीचा आवाज वाढवत नेणारे आणि घरच्यांची बोलणी खाणारे साठीपुढचे सगळे आजोबा त्या प्रजेतच मोडतात.

म्हणूनच 'कर्णबधिर चाहता' अशी एकच व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवून तंत्रज्ञान निवडणे ही पहिली चूक ठरते. माझा भाऊ सांकेतिक भाषेत विचार करतो. मराठी ही त्याची शाळेत शिकलेली दुसरी भाषा आहे आणि वेगाने सरकणारी लांबलचक मराठी वाक्ये त्याला त्रास देतात. उलट पन्नाशीनंतर ऐकू येईनासे झालेल्या माझ्या एका शिक्षकांना सांकेतिक भाषेतले एक अक्षर कळत नाही, पण पडद्याखालची ओळ ते झरझर वाचतात. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेले ऐकण्याचे उपकरण) वापरणाऱ्या मुलीला यांपैकी काहीच नको असते. तिला भोवतालच्या गोंगाटातून निवेदकाचा आवाज वेगळा होऊन थेट यंत्रात यावा, एवढेच हवे असते. ('मूकबधिर' हा शब्द वर्तमानपत्रांनी आता सोडून द्यावा, हे जाता जाता सांगून ठेवतो. भाऊ मुका नाही. त्याच्याशी क्रिकेटवर वाद घालून पाहावा.)

या तिसऱ्या गटाची सोय तुलनेने सोपी आहे. तारेचा विद्युतचुंबकीय वळसा बसवून श्रवणयंत्रातल्या टेलिकॉइल नावाच्या छोट्या वेटोळ्यात थेट आवाज सोडण्याची पद्धत जुनी आहे आणि २०२२ पासून आलेल्या ब्लूटूथच्या 'ऑराकास्ट' प्रणालीत एकाच प्रक्षेपकावरून कितीही श्रवणयंत्रांना एकाच वेळी आवाज पुरवता येतो. नवी स्टेडियमे बांधताना ते आराखड्यातच असावे. खरी चर्चा उरलेल्या दोन गटांबद्दल व्हायला हवी.

सांकेतिक भाषेच्या बाबतीत भारतात एक चांगली सुरुवात झाली आहे. २०२४ च्या आयपीएलमध्ये स्टार स्पोर्ट्सने मुंबईच्या 'इंडिया सायनिंग हँड्स' या संस्थेच्या साहाय्याने भारतीय सांकेतिक भाषेतले स्वतंत्र प्रक्षेपण सुरू केले आणि त्याच वर्षीच्या टी-ट्वेंटी विश्वचषकातही भारताच्या सामन्यांसाठी तशी सोय झाली. ज्या घरात सामना म्हणजे एकाने पाहायचा आणि बाकीच्यांनी त्याला अधूनमधून सांगायचा, असा प्रकार होता, तिथे कर्णबधिर मुलाने आधी हसावे आणि त्याचे कारण इतरांनी विचारावे, असे प्रथमच घडले असणार.

या प्रक्षेपणाच्या गुणवत्तेबद्दल मात्र बारकाईने बोलले पाहिजे. डोळ्यांना एका वेळी एकाच ठिकाणी पाहता येते. ऐकणारा प्रेक्षक चेंडूवर नजर ठेवून समालोचन ऐकतो. सांकेतिक भाषा पाहणाऱ्याला ती चैन नाही. म्हणून समालोचकाच्या प्रत्येक वाक्याचे तिथल्या तिथे भाषांतर करत राहणारा दुभाषी, कितीही निष्णात असला तरी, ऐन चेंडू पडताना प्रेक्षकाची नजर चोरतो. क्रिकेटने याचे उत्तर स्वतःच देऊन ठेवले आहे: चेंडू खेळात असतो तो काही सेकंद आणि त्यानंतर गोलंदाज आपल्या खुणेपर्यंत परत चालत जातो, क्षेत्ररक्षण हलते, फलंदाज हातमोजे सारखे करतो. हा मधला वेळ सांकेतिक समालोचनाचा आहे. चेंडू पडताना हात खाली, चेंडू मेला की हात वर, अशी लय ज्याला साधते तो केवळ दुभाषी राहत नाही, समालोचक होतो. आणि ती लय, तो नर्मपणा, खेळाडूला त्याच्या धावण्याच्या किंवा केस मागे सारण्याच्या लकबीवरून दिलेले खुणेचे नाव, हे सगळे ज्याची ती पहिली भाषा आहे त्याच्याच हातातून अस्सल उतरते. त्यामुळे अशा प्रक्षेपणात कर्णबधिर समालोचकच प्रमुख असावेत आणि ऐकणाऱ्या दुभाष्याने त्यांना माहिती पुरवावी, हा क्रम मला योग्य वाटतो. फुटबॉल किंवा कबड्डीसारख्या सलग खेळात हेच अधिक अवघड आहे, हेही मान्य करायला हवे. तिथे मध्यंतर, बदली खेळाडू आणि फेरचित्रणाचे क्षण यांवर भागवावे लागेल.

दुभाषी असणे आणि दुभाषी दिसणे यांतही अंतर असते. २ फेब्रुवारी २०२० रोजी मायामीत झालेल्या 'सुपर बोल'च्या, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या आधी कर्णबधिर कलावती ख्रिस्तीन सन किम यांनी अमेरिकी सांकेतिक भाषेत राष्ट्रगीत सादर केले. मैदानात त्या होत्या, पण दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने त्यांना काही सेकंद दाखवले आणि तो खेळाडूंच्या चेहऱ्यांकडे वळला. ज्यांच्यासाठी ते सादरीकरण होते, त्यांना ते मिळालेच नाही. आपल्याकडच्या बातम्यांत कोपऱ्यातल्या वाटोळ्या चौकटीत अंगठ्याएवढा दिसणारा आणि खालून सरकणाऱ्या ठळक बातम्यांनी कोपरापर्यंत झाकला जाणारा दुभाषी याच जातीचा असतो. त्याच्यामुळे नियम पाळला जातो, समजत मात्र काहीच नाही.

आता लिखित ओळींचा प्रश्न. थेट सामन्यात एवढ्या वेगाने कोण टंकलिखित करणार, हा आक्षेप एके काळी रास्त होता. परंतु बीबीसीने २००८ मध्येच आपल्या मुख्य वाहिन्यांवरील सर्व कार्यक्रमांना उपशीर्षके देण्याचे लक्ष्य गाठले आणि त्यात थेट कार्यक्रमही होते. त्यासाठी वापरलेली एक युक्ती मोठी गमतीची आहे. शांत खोलीत बसलेला एक माणूस समालोचकाचे बोलणे ऐकतो आणि तेच स्वच्छ, सपाट स्वरात, विरामचिन्हांसकट पुन्हा बोलतो; त्याच्या आवाजाला सरावलेला संगणक ते लिहून काढतो. आजची वाक्‌-ओळख त्याच्या कितीतरी पुढे गेली आहे. मराठी समालोचनात मात्र ती अडखळते आणि त्याची कारणे उघड आहेत: आपले समालोचक एका वाक्यात तीन भाषा बोलतात, मागे प्रेक्षकांचा गलका असतो आणि खेळाडूंची नावे यंत्राच्या शब्दसंग्रहात नसतात. माझ्या मोबाइलवरील अशा एका सुविधेने 'झेल सुटला' याचे 'जेल सुटला' केले, तेव्हा भावाला वाटले की कोणीतरी जामिनावर बाहेर आले. पण दोन्ही संघांतील खेळाडूंची नावे नाणेफेकीच्या वेळी जाहीर झालेली असतात. पंच, मैदानाची टोके, फटक्यांची मराठी नावे सगळी आधीच ठाऊक असतात. हा दोनतीनशे शब्दांचा कोश आधी भरून दिला आणि एक माणूस दुरुस्तीला बसवला, तर बहुतेक चुका टळतील. माणूस काढून टाकायचा म्हणून यंत्र आणायचे, या हेतूनेच सगळा घोटाळा होतो.

मग येतात थरथरणारे सदरे. १३ एप्रिल २०२४ रोजी न्यूकॅसल युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबने टॉटनहॅमविरुद्धच्या सामन्यात काही कर्णबधिर चाहत्यांना असे सदरे घालायला दिले, ज्यांत स्टेडियममधील मायक्रोफोनांनी टिपलेला गजर कापडात बसवलेल्या बारीक यंत्रांच्या कंपनांत बदलत होता. न्यूकॅसलने तो सामना ४-० असा जिंकला, त्यामुळे सदऱ्यांना कामही भरपूर मिळाले. क्लबच्या पुरस्कर्त्या कंपनीने त्या दिवशी खेळाडूंच्या छातीवरची आपली जागा कर्णबधिरांसाठी काम करणाऱ्या ब्रिटिश संस्थेला दिली. जपानमध्ये फुजित्सू कंपनीने 'ओंतेन्ना' नावाची, केसांना क्लिपसारखी लावायची छोटी वस्तू केली आहे. आवाजाच्या तीव्रतेप्रमाणे ती २५६ पायऱ्यांमध्ये थरथरते आणि उजळते.

अशा वस्तूंबद्दल माझे मत दुहेरी आहे आणि ते तसेच मांडतो. कंपनातून गोंगाट पोचतो, पण त्याचा अर्थ पोचत नाही. गोल झाला म्हणून गर्जना झाली की पंचांनी तो नाकारला म्हणून झाली, हे बरगड्यांना कळत नाही. शिवाय छायाचित्रात सदरा सुंदर दिसतो आणि पडद्याखालची ओळ दिसत नाही, म्हणून प्रायोजकाचा ओढा सदऱ्याकडे असणार, हेही उघड आहे. एका सामन्यापुरते काही सदरे वाटून पुढची दहा वर्षे निवेदन ध्वनिक्षेपकावरूनच करत राहणे, याला मी सोय म्हणणार नाही.

तरीही हा प्रकार निव्वळ दिखाऊ म्हणून झटकून टाकवत नाही आणि त्याचे कारण कोल्हापूरच्या खासबाग मैदानात आहे. शाहू महाराजांनी उभारलेल्या त्या मैदानात कुस्तीच्या दिवशी हलगी आणि घुमके वाजू लागते, तेव्हा तो आवाज कानांच्या आधी पोटात उतरतो. दगडी पायरीवर टेकलेला तळहात हलगीचा ठेका सांगतो. जोड अटीतटीची झाली की ठेका वाढतो आणि न ऐकताही अंगावर काटा येतो. भावाला मी अनेक सामन्यांना नेले आहे, पण परतीच्या प्रवासात हाताने ठेका धरून बसलेला मी त्याला फक्त तिथून येतानाच पाहिला. मैदानात मिळणारा आनंद हा केवळ माहितीचा नसतो. हजारो माणसांच्या बरोबरीने एकाच क्षणी शहारण्याचाही असतो. तो हक्काचा आहे, चैनीचा नाही. म्हणून सदरे असावेत, पण ओळीनंतर आणि दुभाष्यानंतर असावेत, आणि तिकिटाबरोबर मागता यावेत, बातमीपुरते नसावेत.

हे सगळे कोणी करायचे, इथे गाडी अडते. २०१६ च्या कायद्याचे ४२ वे कलम सांगते की दिव्यांगांना इलेक्ट्रॉनिक माध्यमांचा लाभ श्राव्य वर्णन, सांकेतिक भाषा आणि उपशीर्षके यांच्याद्वारे मिळेल, यासाठी सरकारने उपाय करावेत. त्यावर माहिती व प्रसारण मंत्रालयाने ११ सप्टेंबर २०१९ रोजी दूरचित्रवाणी कार्यक्रमांसाठी मानके जाहीर केली आणि त्यांतून थेट प्रक्षेपित होणारे खेळ वगळले. देशात सर्वाधिक पाहिला जाणारा आणि सर्वाधिक पैसा मिळवणारा मजकूर अशा प्रकारे सुटला. चित्रपटगृहांतील चित्रपटांसाठी मार्च २०२४ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक सूचना आल्या. खेळ होता तिथेच राहिला. आज जे सांकेतिक प्रक्षेपण दिसते ते वाहिनीच्या मर्जीवर आहे आणि मर्जी एखाद्या हंगामात फिरू शकते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम निव्वळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे कायद्याशी विसंगत असल्याचे सांगून सरकारला सक्तीची मानके ठरवण्यास सांगितले. त्या निकालाचा आशय थेट प्रक्षेपणाची सवलत उठवण्यापर्यंत नेला पाहिजे, टप्प्याटप्प्याने का होईना.

स्टेडियमच्या बाबतीत अमेरिकेतला एक दाखला नेमका आहे. वॉशिंग्टनच्या व्यावसायिक फुटबॉल संघाविरुद्ध तीन कर्णबधिर चाहत्यांनी २००६ मध्ये दावा लावला. २०११ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की ध्वनिक्षेपकावरून सांगितले जाणारे सामन्याचे तपशील, पंचांचे निर्णय आणि आणीबाणीच्या सूचना यांच्याबरोबरच वाजवल्या जाणाऱ्या गाण्यांचे शब्दही कर्णबधिर प्रेक्षकांना मिळाले पाहिजेत. गाण्यांच्या शब्दांवरून अनेकांनी नाक मुरडले असेल. न्यायालयाला मात्र समजले होते की सारे स्टेडियम एका ओळीवर ओरडत असताना ती ओळ कोणती, हे ठाऊक नसलेला माणूस तिथे प्रेक्षक राहत नाही, पाहुणा होतो.

खर्चाचा मुद्दा मी फार लांबवणार नाही. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले आहेत. त्या रकमेपुढे काही समालोचक, दुभाषी आणि उपशीर्षकांच्या मेजाचा खर्च किती, हे गणित ज्याला कठीण वाटेल त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. खरी टंचाई माणसांची आहे. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांचे प्रशिक्षण होते, दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द जमा झाले. पण शाळा, न्यायालये आणि रुग्णालये यांनाच हे दुभाषी पुरत नाहीत. खेळाने त्यांतून माणसे ओढून घेऊ नयेत, उलट प्रशिक्षणाच्या जागा वाढवण्यासाठी पैसे द्यावेत, अशी अपेक्षा क्रिकेट संघटनांकडून करणे गैर नाही.

आणि जिथे हे ठरते त्या खोलीत कर्णबधिर माणूस बसलेला असला पाहिजे. तो नसला की काय होते, याचा एक नमुना माझ्याकडे आहे. एका स्पर्धेच्या तिकिटावर बारीक अक्षरांत लिहिले होते की दिव्यांग प्रेक्षकांनी मदतीसाठी खालील क्रमांकावर दूरध्वनी करावा. भावाने ते वाचले, तिकीट माझ्यापुढे धरले आणि कानाला मुठीचा फोन लावून बराच वेळ गंभीर चेहऱ्याने 'ऐकत' बसला. आयोजकांचा हेतू वाईट नव्हता. ती ओळ लिहिणाऱ्याच्या मनात चाकाची खुर्ची होती, कान नव्हता; आणि 'संदेश पाठवा' असे दोन शब्द सुचवणारे तिथे कोणी नव्हते.

तेव्हा मागणी मोठी नाही. मोठ्या पडद्याच्या तळाशी दोन ओळींची पट्टी कायमची राखून ठेवावी, जाहिरात चालू असतानाही ती झाकली जाऊ नये, आणि ध्वनिक्षेपकावरून बोलले जाणारे प्रत्येक निवेदन त्या पट्टीवर आल्याशिवाय पूर्ण झाले असे धरू नये, जशी पंचांची खूण गुणलेखकाच्या पोचेशिवाय पूर्ण होत नाही. तीच ओळ प्रेक्षकाच्या मोबाइलवर जावी. सुरक्षेची सूचना असेल तर तिची सांकेतिक भाषेतली ध्वनिचित्रफीत आधीच तयार करून ठेवलेली असावी, कारण अशा सूचना मोजक्याच असतात आणि त्या ऐन वेळी सुचण्याच्या गोष्टी नव्हेत. त्या रात्री दिवे गेले तेव्हा कोणीतरी कळफलकावर इतकेच लिहायला हवे होते: दिव्यांच्या एका मनोऱ्यात बिघाड. खेळ साधारण पंधरा मिनिटांत सुरू होईल. प्रेक्षकांनी जागेवरच थांबावे.